शनिवारच्या बाजारातली मॅक्सी

"आरशासमोर फार वेळ उभी राहू नकोस, तडकेल बिचारा," हेमंत म्हणाला.

तो स्वतः पलंगावर आडवा पडून हे बोलत होता, कारण त्याच्या बेलबॉटममध्ये बसायची सोय नव्हती. एक तर उभं राहायचं, नाही तर सरळ आडवं व्हायचं.

"तू आधी उठून दाखव, मग बोल," मी म्हटलं आणि डोळ्यांच्या कडेला काजळाची लांब शेपटी ओढली.

अंगात पिवळी मॅक्सी होती. हळदीसारखी पिवळी, त्यावर पांढरे ठिपके, चौकोनी गळा, घेरदार बाह्या. गळ्याला आणि बाह्यांना इरकली लुगड्याचा विटकरी काठ लावलेला. एरवी असलं काही मी मेले तरी घातलं नसतं. पण त्या संध्याकाळी आमच्या कॉलनीचा रौप्यमहोत्सव होता आणि कमिटीनं फतवा काढला होता: कॉलनी उभी राहिली त्या एकोणऐंशी सालात लोक जसे दिसत तसंच नटून यायचं, जेवण हॉटेलच्या लॉनवर, आणि उत्तम पोशाखाला बक्षीस. जुन्या सभासदांनी आपापल्या ट्रंका उघडल्या. आम्ही भाडेकरू. हेमंतची बँकेतून सांगलीला बदली होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि आमच्याकडे ट्रंक सोडा, धड कपाटसुद्धा नव्हतं. म्हणून आम्ही आदल्या आठवड्यात शनिवारच्या बाजारात गेलो होतो.

कांदे-बटाट्यांच्या रांगा संपल्या की पलीकडे जुने कपडे घेऊन बायका बसायच्या. घरोघरी भांडी देऊन कपडे घ्यायचे, कुणी दुकानं-गोदामं रिकामी करत असेल तर तिथली गाठोडी उचलायची आणि शनिवारी ताडपत्रीवर ढीग घालून विकायचे, असा त्यांचा धंदा. त्यातल्या हौसाबाईच्या ढिगात मला ही मॅक्सी सापडली. माझ्या सासूबाईंनी चिपळूणहून फोनवर बजावलं होतं, "मेलेल्या माणसाचं नाही ना, ते विचारून घे हो." मी विचारलं.

"न्हाई वो ताई," हौसाबाईनं गळ्याला हात लावला. "जित्या बाईचं हाय. सोत्ताच्या हातानं दिलंय तिनं. यल्लम्माशपथ."

"आणि ही पँट?" हेमंतनं बेलबॉटम उचललं.

"ती बी जित्या गड्याचीच."

"मग दिली कशाला त्यानं?"

"पोट सुटलं त्याचं," हौसाबाई म्हणाली, आणि आम्ही हसत हसत दोन्ही घेतलं. शेजारी एक बाई लेकीसाठी परकर बघत होती. तिलाही हौसाबाई यल्लम्माची शपथ घेऊन तेच सांगत होती. मेलेल्याचे कपडे कोण घेणार? त्या रांगेतल्या सगळ्याच बायकांच्या तोंडी हे वाक्य बसलेलं होतं. आपल्याकडे दुधवाला जसं 'पाण्याचा थेंब नाही' म्हणतो, तसं.

मॅक्सीला ग्रीससारखा वास येत होता. मी ती तीनदा गरम पाण्यातून काढली.

लॉनवर पोचलो तेव्हा सात वाजत होते आणि अख्खी कॉलनी ओळखू येईनाशी झाली होती. एरवी नाइटीवर ओढणी घेऊन भाजी घेणाऱ्या बायका उंच अंबाडे घालून आल्या होत्या. कुणी गळ्यात ट्रान्झिस्टर अडकवला होता. ऑर्केस्ट्रावाला जुनी गाणी म्हणत होता आणि सेक्रेटरी सफारी घालून उगाच इकडून तिकडे धावत होते. मला फार मजा वाटत होती. परक्या गावात सहा महिने काढल्यावर पहिल्यांदाच लोक आपण होऊन माझ्याशी बोलायला येत होते.

सबनीसकाकूंना मी शोधतच होते. आमच्या घराच्या पलीकडचंच त्यांचं घर. विरजणापासून कामवालीपर्यंत मला सगळं त्यांनीच मिळवून दिलं होतं. सत्तरीकडे झुकलेल्या, लहानखुऱ्या आणि अतिशय कामसू बाई. त्यांचं एक वैशिष्ट्य साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं: त्या कधी घराबाहेर मुक्कामाला जात नसत आणि त्यांच्या दाराला कधी कुलूप नसे. मुलाचं लग्न बडोद्याला झालं, तेव्हा म्हणे लग्न लावून रातोरात परत आल्या. मी ते घरकोंबडेपण समजत होते. पण आता काकांनी हरभट रोडवरचं सायकलचं दुकान विकलं होतं, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मुलगा अविनाश दोघांनाही कायमचं बडोद्याला न्यायला मागे लागला होता. वर्षानुवर्षं नाही म्हणणाऱ्या काकू शेवटी हो म्हणाल्या होत्या. मंगळवारी सामानाचा ट्रक येणार होता. कॉलनीचा हा कार्यक्रम म्हणजे त्यांना निरोपच होता.

काकू हातात पावभाजीची बशी घेऊन समोरून आल्या. मला बघून हसल्या आणि मग चालता चालता थांबल्या. बशी त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली, अगदी न सांडता, आणि माझ्या पायाशी बसल्या.

"काकू, अहो, काय करताय?" मला वाटलं, माझी पिन वगैरे पडली.

त्यांनी मॅक्सीचा खालचा घेर धरला आणि उलटा केला. आत चार बोटं कापड दुमडून शिवलेलं होतं.

"हिरवा दोरा," त्या म्हणाल्या. "पिवळा संपला होता. म्हटलं, आतल्या बाजूला कोण बघतंय."

मला काही समजेना. त्यांचा हात कापडावरून फिरत होता.

"वाढतं अंग होतं ना तिचं. म्हणून चार बोटं आत ठेवलं होतं. वृंदा, ही तुला कुणी दिली?"

"बाजारातून आणली, काकू. जुन्या कपड्यांच्या."

"कुठल्या बाजारातून?"

"इथल्याच. शनिवारच्या."

"कधी?"

"गेल्या शनिवारी. का हो?"

"शैलाची आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या शैलाची."

मला शैला नावाचं कुणी माहीत नव्हतं. पण आजूबाजूच्या ज्या बायकांनी ते नाव ऐकलं, त्या बोलायच्या थांबल्या. एकीनं तोंड फिरवलं. काकूंनी मान वर करून लॉनच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "अहो! इकडे या. लवकर या."

सबनीसकाका आले. उंच, वाकलेले, मितभाषी गृहस्थ. एकोणऐंशी सालचा त्यांचा कोट आता खांद्यांवरून ओघळत होता.

"बघा," काकूंनी माझा घेर हातात धरून दाखवला. "ओळखलीत?"

काकांनी बघितलं. मग नवा चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसत बसले. खूप वेळ पुसत होते.

"त्या काळी अशा मॅक्स्या खूप निघाल्या होत्या," ते म्हणाले.

"इरकली काठाच्या? माझ्या डोहाळजेवणाच्या लुगड्याचा काठ आहे हा! तिच्याच वेळच्या डोहाळजेवणाचा. मी हातानं कापून लावलाय. मला सांगताय खूप निघाल्या होत्या?"

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

तिथंच, माझ्या पायाशी गवतावर बसून, काकूंनी मला सगळं सांगितलं. शैला त्यांची थोरली. सतराव्या वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगला ही मॅक्सी घालून स्टेजवर गेली, चार मुलांबरोबर नाचली. कुणीतरी दुकानात येऊन काकांना सांगितलं. घरी आल्यावर काकांनी तिच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. जाताना पिशवीत दोन कपडे घेतले, त्यात ही होती. काका पुणं-मुंबई पालथी घालून आले. काही पत्ता लागला नाही.

"म्हणून मी दाराला कुलूप लावत नाही," काकू म्हणाल्या. "अपरात्री आली तर कुठं जाईल पोर? आणि ह्यांना बघ, बडोद्याला जायचंय. मी हो म्हणाले गं. मला वाटलं, आता चोवीस वर्षं झाली. आता कसली येते ती. आणि बघ, देवानं कसं थांबवलं मला! ती इथं आहे, वृंदा. गावातच आहे, नाही तर जवळपास कुठंतरी. चोवीस वर्षं जपून ठेवली तिनं ही."

मला आनंदही होईना आणि भीती का वाटतेय तेही कळेना. एक मात्र समजत होतं, की या बाईच्या जन्माची गोष्ट मी अंगात घालून उभी आहे आणि मला ती काढताही येत नाही.

त्याच वेळी माइकवरून माझं नाव पुकारलं. उत्तम पोशाखाचं पहिलं बक्षीस. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी जागची हलले नाही. घेर काकूंच्या हातात होता.

"जा, जा," काकूंनी घेर सोडला आणि डोळे पुसले. "घेऊन ये बक्षीस. त्या दिवशी तिला नुसता मारच मिळाला."

मी स्टेजवर गेले. सेक्रेटरींनी माझ्या हातात कॅसरोलचा सेट दिला आणि फोटो काढला. खाली बघितलं तर काकू दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवत होत्या आणि काका त्यांच्या मागे, कोटाच्या खिशात हात घालून, जमिनीकडे बघत उभे होते.

घरी येताच मी मॅक्सी उतरवली आणि हेमंतच्या हाती काकूंकडे पाठवून दिली. काकूंचा उलट निरोप आला: उद्या शनिवार आहे, सकाळी दहाला बाजारात जायचं, त्या बाईला विचारायचं.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर पायरीवर सबनीसकाका बसले होते. दुधाच्या पिशव्या त्यांच्या मांडीवर होत्या.

"कुत्रं ओढत होतं," ते म्हणाले. "वृंदाताई, पाच मिनिटं आहेत?"

मी त्यांना आत बोलावलं. ते आले नाहीत. मग मीच पायरीवर बसले.

"ती तुम्हाला बाजारात घेऊन जाणार. तुम्ही जा. फक्त माझ्यासाठी एक करा, तिथं काही बोलू नका. ती बाई म्हणेल, आठवत नाही. ढिगातलं कापड कुणाचं ते तिला काय आठवणार? मग ही निराश होईल, आणि मंगळवारी आम्ही जाऊ."

"पण काका, खरंच शैलाचा पत्ता लागला तर?"

"शैला नाही," काका म्हणाले.

मला आधी वाटलं, मॅक्सी शैलाची नाही असं ते म्हणताहेत.

"ती गेल्यावर तीन महिन्यांनी दुकानात पोलीस आला," ते सांगू लागले. आवाज अगदी सपाट होता, हिशेब सांगावा तसा. "घाटाखालच्या एका स्टेशनवरचा. पिशवी आमच्या दुकानाची होती, नाव छापलेली. त्यावरून आला. पोरगी रेल्वे लाइनवर सापडली होती. वारस नाही म्हणून त्यांनी सगळं उरकलं होतं. मला फोटो दाखवला. पिशवी दिली. मी तसाच नाशिकला गेलो आणि तिचं जे करायचं ते केलं. मुंबईत शोधत होतो असं घरी सांगितलं."

"अपघात झाला होता?"

"मी विचारलं नाही."

समोरच्या रस्त्यावरून पेपरवाला गेला. त्यानं काकांना नमस्कार केला आणि काकांनी हात वर केला.

"तुम्ही काकूंना का नाही सांगितलं?"

"सांगणारच होतो. नाशिकहून घरी आलो तर ही जेवत बसली होती. पोरगी गेल्यापासून हिनं अन्न टाकलं होतं, नुसती हाडं राहिली होती. अविनाश आठ वर्षांचा, तो घास भरवायचा आईला. त्या दिवशी कुणा ज्योतिषाला विचारून आली होती. तो म्हणाला, मुलगी सुखरूप आहे, येईल. ही पोटभर जेवत होती, वृंदाताई. म्हटलं, आज जेवू दे. उद्या सांगू."

"चोवीस वर्षं?"

"रोज उद्याच म्हणत होतो."

मला त्यांचा भयंकर संताप आला. आणि दयाही आली, दोन्ही एकदमच. त्या बाईनं दाराला कुलूप लावलं नाही, मुलाच्या लग्नालाही राहिली नाही, आणि हा माणूस रोज शेजारी बसून जेवत होता! पण ज्या माणसाला तोंडावर बोलायचं, तो माझ्या पायरीवर दुधाच्या पिशव्या धरून बसला होता.

"पिशवी दुकानाच्या माळ्यावर होती," ते म्हणाले. "जुन्या टायरांच्या मागे. एकदा जाळायला काढली होती. नाही जमलं. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात दुकान घेणाऱ्यानं माळा रिकामा केला. मी गेलो तेव्हा टायरही नव्हते."

"काका, तुम्ही आत्ता जाऊन सांगा. आत्ताच. मी येते हवं तर बरोबर."

"बडोद्याला सांगेन. अविनाश असेल जवळ, सून असेल. इथं मी एकटा, आणि तिला काही झालं तर? तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी सांगेन. देवाशपथ."

त्यांनी हात जोडले. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस माझ्यापुढे हात जोडून बसला, तेव्हा मी काय म्हणणार होते? मी मान हलवली. दूध घेतलं आणि आत जाऊन हेमंतला उठवून सगळं सांगितलं.

"आपण यात पडायचं नाही," हेमंत म्हणाला. मग त्यानं चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाला, "पण पडलोच आहोत, नाही?"

दहाला आम्ही निघालो. काकू, मी आणि चार पावलं मागे काका. काकूंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि केसांत अबोलीचा गजरा होता. मॅक्सी घडी करून पिशवीत होती. रिक्षातही त्यांनी ती पिशवी पोटाशी धरून ठेवली होती.

"रात्रभर झोप नाही," त्या म्हणाल्या. "पण मन कसं हलकं झालंय. आता ती एकेचाळीस वर्षांची असेल. मला तिचा चेहराच धड डोळ्यांपुढे येत नाही, सारखी वेणी घातलेलीच दिसते."

मी बाहेर रस्त्याकडे बघत होते. मनात एकच घोकत होते: हौसाबाईला आठवू नये. नुसतं 'काय ठावं बाई' म्हणावं. बाजारातल्या बायकांना खरंच कुठं काय आठवतं?

हौसाबाई जागेवर होती. आम्ही समोर उभे राहिलो. काकूंनी पिशवीतून मॅक्सी काढून तिच्यापुढे धरली. हौसाबाईनं मॅक्सी बघितली, मला बघितलं, आमच्याबरोबर दोन म्हातारी माणसं बघितली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. माल परत करायला आलेत, असंच तिला वाटलं असणार.

"ही तुम्हाला कुणी दिली हो?" काकूंनी विचारलं.

"का? काय झालं?"

"नाही, काही झालं नाही. फक्त सांगा, कुणाची आहे ही?"

"जित्या बाईची हाय," हौसाबाई ठणकावून म्हणाली. "मरतिकाचं कापड म्या इकत न्हाई. ह्या ताईंना इचारा, तवाच शपथ घेऊन सांगितलंय."

काकूंचा हात माझ्या दंडावर आला.

"जिवंत आहे?"

"आता! सोत्ताच्या हातानं दिलंय की तिनं. यल्लम्माशपथ."

"हौसाबाई," मी मध्ये पडले, "नीट आठवून सांगा. तुम्ही ही गाठोड्यातून घेतली असेल ना? एखाद्या दुकानातून वगैरे?"

हौसाबाई माझ्यावर उखडली. "म्या खोटं बोलती व्हय? तुमी घेताना काय बोलला न्हाई, आन् आता मानसं घिऊन आलाय!"

"तिला बोलू दे गं," काकूंनी मला मागे सारलं आणि तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "बाई, ती माझी मुलगी आहे. कशी दिसते हो आता?"

हौसाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. तिचा चेहरा बदलला. भांडण नाही, माल परत घ्यायचा नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं. आणि मला वाटतं, समोरच्या म्हातारीला काय ऐकायचंय, तेही आलं. लबाडी नव्हती ती. जिच्या पुढ्यात रोज माणसं बसतात, अशा बाईचा चांगुलपणा होता.

"ब्येस हाय की," ती म्हणाली. "गोरीपान. भरल्या अंगाची. तुमच्याच तोंडावळ्याची बगा."

"मुलंबाळं?"

"हायती की. एक पोरगी हुती संगं."

"पोरगी," काकू म्हणाल्या. "आणि पुन्हा येईल का हो ती?"

"यील की. न येऊन काय करंल? कवा ना कवा शनवारी यील."

मी मागे वळून काकांकडे बघितलं. आता बोला, असं मी ओरडले नाही एवढंच. त्यांचं तोंड उघडलं होतं. ओठ हललेही. आणि तेवढ्यात काकू उठल्या, वळल्या आणि भर बाजारात त्यांचे दोन्ही हात धरले. त्या हसत होत्या आणि रडत होत्या.

"ऐकलंत? अहो, नात आहे आपल्याला. ऐकलंत ना?"

"ऐकलं," काका म्हणाले.

तेवढंच. मी काय बोलणार होते आणि कुठल्या तोंडानं? कांद्यांच्या रांगेतून माणसं येत-जात होती, कुणीतरी मला 'सरका' म्हणालं आणि मी सरकले.

ट्रक आला नाही. अविनाशचे फोन आले, मग तो स्वतः येऊन गेला, आईशी भांडला, बापावर चिडला आणि परत गेला. बांधलेलं सामान सुटलं. काका मला रस्त्यात भेटले की मान खाली घालून जात. एकदा मी त्यांना अडवलं आणि म्हटलं, "आता तरी." ते म्हणाले, "आता कसं सांगू? आता तर ती हसायला लागलीय." दोन वर्षांनी आमची बदली झाली. पुढे कुणाकडून तरी काका गेल्याचं कळलं आणि मग काकू गेल्याचं. काकांनी त्यांना सांगितलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. विचारायला मी कोण होते?

पण त्या बाजारानंतरच्याच शुक्रवारी संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. हातात इस्त्री केलेली मॅक्सी होती. काका फाटकाबाहेर, रस्त्यावरच थांबले होते.

"वृंदा, एक काम करशील? नाही म्हणू नकोस," काकू म्हणाल्या. "उद्या बाजारात माझ्याबरोबर येशील, ही घालून? मी म्हातारी झाले गं. माझे केस पिकले, दात गेले. ती मला ओळखायची नाही. पण ही ओळखेल. गर्दीतनंसुद्धा ओळखेल."

मी फाटकाकडे बघितलं. काका माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी हळूच पाठ फिरवली.

शनिवारी सकाळी मी हौसाबाईच्या ताडपत्रीशेजारी पिवळी मॅक्सी घालून उभी होते. येणारेजाणारे वळून बघत होते, दोन कॉलेजची पोरं शीळ घालून गेली. हौसाबाईनं आम्हाला चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. काकूंनी मला दोनदा जागा बदलायला लावली, उन्हात पुढे उभी राहा म्हणाल्या, म्हणजे लांबून दिसशील. माझ्या बाहीवरची चुणी त्यांनी सरळ केली. मग एक पाऊल मागे होऊन माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"अशी तोंड पाडून नको गं उभी राहूस," त्या म्हणाल्या. "लांबून बघेल आणि तिला वाटेल, घरचे अजून रागावलेत. हसून उभी राहा."

मी हसून उभी राहिले.